तिसरा फर्मा

सोमवार, ३ मार्च

लेकी, मागच्या खेपेला फोनवर तू म्हणालीस, "आई, हे मला तू कधी सांगितलंच नाहीस." सांगितलं होतं. दोनदा. दुसऱ्या वेळी तू "हो का? अगंबाई!" असंही म्हणाली होतीस. तुझं डोकं चाळणीसारखं आहे असं म्हणणार होते, पण चाळणीत निदान कोंडा तरी मागे राहतो. म्हणून आजपासून ही वही. मी बोलणार, तुझी वहिनी लिहिणार, आणि वही भरली की तुझ्या पत्त्यावर येणार. मग तुला बोलायला जागा उरणार नाही. वही कुणाला दाखवायची नाही. नवऱ्याला तर नाहीच. त्याच्या सगळं लक्षात राहतं.

वहिनी विचारते, "जसं बोलाल तसंच लिहू?" तसंच लिही. तुझ्याविषयी बोलेन तेही लिही. आणि शाळेतल्या वह्यांसारखं शुद्ध करत बसू नकोस, मी काही परीक्षेला बसलेली नाही.

तर बातमी अशी, की तुझे बाबा थोर झाले. आज दुपारी जतन मंडळाचं पत्र आलं. तीस तारखेला, रविवारी, नगरभवनात त्यांना मानपत्र देणार. दोनशे माणसं येणार, विद्यापीठातले एक प्राध्यापक बोलणार, आणि बाबांच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघणार. पत्रात त्यांना 'स्वयंभू विचारवंत' म्हटलंय. स्वयंभू! ताट समोर येतं, धुतलेला सदरा खुंटीवर येतो, चष्मा कुठे आहे ते मी सांगते, आणि हे स्वयंभू.

पत्र आल्यापासून नवे बूट घालून घरात फिरतायत. बूट सैल व्हावेत म्हणे. सत्तावीस दिवस आहेत अजून.

गुरुवार, ६ मार्च

तू लोकांना सांगतेस की बाबा छापखान्यात होते. छापखान्यात नव्हते, बाइंडिंगमध्ये होते. पुन्हा एकदा सांगते, शेवटचं. छापलेले मोठे ताव यायचे. एका तावावर सोळा पानं. तो घडी घालून झाला की त्याला म्हणायचं फर्मा. असे फर्मे एकावर एक रचून शिवायचे, पाठीला सरस, वर पुठ्ठा, झालं पुस्तक. बाबांनी अडतीस वर्षं घड्या घातल्या. शाळा चौथीत सुटलेली, म्हणून घडी घालता घालता वाचायचे. टेबलावर येईल तो फर्मा. एका कादंबरीचा दुसरा, वैद्यकाच्या पुस्तकाचा पाचवा, कुठल्या तरी राजाच्या चरित्राचा नववा. लग्नानंतर मला ते गोष्टी सांगायचे आणि मधेच थांबायचे. मुलगी खिडकीतून पळाली एवढं कळायचं. "पुढे?" म्हटलं की, "पुढचं माझ्या टेबलावर नव्हतं."

त्यातूनच हे तत्त्वज्ञ झाले. एका वर्षी घाईचं काम आलं होतं. जुन्या काळचा कुणी दाढीवाला विचारवंत, फार मोठा म्हणतात, त्याचं सहा फर्म्यांचं पुस्तक. वेळ कमी, म्हणून घड्यांचं काम सहा कारखान्यांत वाटलं. ह्यांच्या वाट्याला तिसरा फर्मा आला. त्यातला एक ताव शाईचा डाग पडून वाया गेला, तो हे घरी घेऊन आले. तेव्हा तू दोन वर्षांची होतीस आणि त्या तावाची टोपी करून मागत होतीस. तुला पाठीत धपाटा मिळाला. तो तरी आठवतो का?

तो ताव ह्यांनी पाठ केला. सोळाच्या सोळा पानं. त्याची पहिली ओळ तुला झोपेतही म्हणता येईल: "उभ्या भिंतीला तिची कारणं असतात, ती सगळी ज्याला पाठ आहेत त्यानेच तिला हात लावावा." ह्या ओळीवर आपलं घर चाललं. टेबल हलवायचं नाही, कारण ते तिथे आहे त्याला कारण असेल. घड्याळ सात मिनिटं मागे चालतं, त्यालाही कारण असेल.

बाबांचं म्हणणं थोडक्यात असं, की जे टिकलंय ते उगाच टिकलेलं नाही. मोडायची घाई त्यालाच असते ज्याला जोडता येत नाही. ज्याला एक पान सरळ चिकटवता येत नाही त्याने राज्य बदलायच्या गोष्टी करू नयेत. आणि माणूस जमावात शिरला की अर्धा होतो. यात चुकीचं काही नाही. हे सगळं मला पीठ मळता मळता माहीत होतं, त्यासाठी ह्यांना दीडशे पानांचं पुस्तक कशाला लिहावं लागलं तेवढं कळलं नाही.

कारखान्यात संप झाला तेव्हा सगळे बाहेर आणि हे एकटे आत बसून घड्या घालत होते. भीतीने नाही हं. फाटकावर दगड पडत होते, त्यातून हे रोज आत जायचे. दोस्तांनी पाच वर्षं बोलणं टाकलं. आणि मालकाने काय केलं? घड्या घालायचं यंत्र आणलं आणि पहिलं ह्यांनाच घरी पाठवलं. तेव्हाही हे म्हणाले, "मालकाने काही विचार केला असेल." मी म्हटलं, "केला ना. तुमच्यावाचून कसं भागेल याचा."

सोमवार, १० मार्च

मंडळाचे अध्यक्ष येऊन गेले. मी त्यांना चकचकीत म्हणते. बूट चकचकीत, टक्कल चकचकीत, बोलणं तर विचारूच नकोस. जुनं ते जपा असं सांगणारं मंडळ चालवतात आणि धंदा इमारती बांधायचा. नदीकाठच्या तीन गल्ल्या त्यांनीच पाडल्या.

मला म्हणाले, "आजी, आजोबांसारखी माणसं आता कुठे सापडतात?"

मी म्हटलं, "तुम्ही पाडलेल्या घरांत बघा. असतील खाली."

"आजी फार मिश्कील आहेत हं!" आणि हसले. काही माणसांना न ऐकता हसायची कला येते.

ते आले होते वाक्यासाठी. दुसऱ्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर तेच भिंतीचं वाक्य छापायचं, खाली त्या दाढीवाल्याचं नाव, आणि त्याखाली पानाचा आकडा. बाबांनी डोळे मिटून सांगितलं, "पान तेहतीस. पहिलीच ओळ." वहिनी म्हणाली, "मी ग्रंथालयातून मूळ पुस्तक आणते, एकदा ताडून पाहू." बाबा म्हणाले, "गरज नाही. पंचेचाळीस वर्षं ताडतोय." चकचकीतही घाईने म्हणाले, "गरज नाही, गरज नाही." पण तुझी वहिनी मास्तरीण. दुसऱ्याचं लिहिलेलं तपासल्याशिवाय तिला घास गिळत नाही. तोंड वाकडं करू नकोस, लिही.

बुधवार, १२ मार्च

आज जे झालं ते नीट वाच, आणि वाचताना पाणी पिऊ नकोस, ठसका लागेल.

बाबा बूट घालून फिरायला गेले होते. वहिनी ग्रंथालयातून ते पुस्तक घेऊन आली, स्वयंपाकघरात बसली, तेहतिसावं पान काढलं. वाक्य होतं. शब्द न शब्द तोच. मी म्हटलं, "झालं ना समाधान? आता भाजी चिर." पण ही एक पान मागे गेली. मग पुढे गेली. मग चेहरा असा केला की मला वाटलं पुस्तकात झुरळ निघालं.

"आई, बत्तिसाव्या पानाची शेवटची ओळ ऐका. 'आता आपल्या विरोधकांचं म्हणणं त्यांच्याच तोंडून ऐकू. ते म्हणतात, की'. इथे पान संपतं."

"मग?"

"मग तेहतिसावं पान. उभ्या भिंतीला तिची कारणं असतात."

मला अक्षर येत नाही, पण एवढं कळतं. मी म्हटलं, "म्हणजे ते दाढीवाला नाही म्हणत?"

"नाही. ज्यांना तो खोडून काढणार आहे ते म्हणतात. सोळा पानं तो त्यांची बाजू मांडतो. आणि एकोणपन्नासाव्या पानावर, आई…"

"चौथा फर्मा," मी म्हटलं.

"चौथ्या फर्म्याची पहिली ओळ: 'इथवर मी त्यांची बाजू त्यांच्याहून चांगली मांडली. आता एवढंच विचारतो: भिंतीला हात लावू नका म्हणणारा बहुधा ऊन येणाऱ्या खोलीतच का बसलेला असतो?' आणि मग पुढचे तीन फर्मे तो त्यांना धुतो."

तुझ्या बाबांनी आयुष्यभर ज्याच्या नावाची शपथ घेतली, त्याने ह्यांनाच मूर्ख म्हणायला पुस्तक लिहिलं होतं. जे पूर्ण कळलं नाही त्याला हात लावू नये असं जगाला सांगणारा माणूस, आणि स्वतः एका पुस्तकाच्या सहाव्या हिश्श्यावर उभा! अशी चूक राजाने करू नये की प्राध्यापकाने करू नये. ही बाइंडिंगवाल्यानेच करावी.

मी एवढी हसले की बरगडीत चमक भरली. वहिनी हसली नाही. तिला हसायला तिच्या शाळेत सुटी लागते.

गुरुवार, १३ मार्च

आज हसू येत नाही.

स्वयंपाकघराची पूर्वेची भिंत तुला माहीत आहे. माहीत नसेल तर आठव. तिथे एक खिडकी पाडा असं मी लग्नाच्या तिसऱ्या वर्षापासून सांगत होते. गवंडी शेजारीच राहायचा, एका दिवसाचं काम. तो ताव घरी आल्यापासून दरवेळी ह्यांनी तेच वाक्य ऐकवलं. मी धुरात खोकत उभी, आणि हे पुढच्या खोलीत, उन्हात, खुर्चीवर.

भांडी घासताना मी आज ते वाक्य मोठ्याने म्हणाले आणि पातेलं आपटलं. बाबा पुढच्या खोलीतून कौतुकाने म्हणाले, "तुलाही पाठ झालं की!"

सोमवार, १७ मार्च

बाबा आरशासमोर भाषण म्हणतात. शेवट असा आहे: "मी कुणी पंडित नाही. मी केवळ एका महान विचारवंताचा शिष्य आहे." इथे ते छातीवर हात ठेवतात. आधी उजवा ठेवत होते, आता डावा ठेवून बघतायत.

वहिनी म्हणते, "आई, त्यांना सांगायला हवं. प्राध्यापकांनी ते पुस्तक वाचलेलं असणारच. दोनशे लोकांत त्यांनी दाखवून दिलं तर?"

"तर फुकट करमणूक."

"ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत."

"मग शहाणं व्हायला बराच वेळ मिळाला होता."

"मग तुम्ही चार दिवस झोपत का नाही आहात?"

"उकडतं." रात्री अजून चादर लागते असं तुझ्या वहिनीचं म्हणणं आहे. तिने ते इथे स्वतःहून लिहिलंय, मी सांगितलेलं नाही.

बुधवार, १९ मार्च

चकचकीतांच्या कचेरीत जाऊन आले. बाबांना सांगितलं, दवाखान्यात जाते. कुणाच्या काळजीने वगैरे गेले असं समजू नकोस. एका माणसाच्या मूर्खपणामुळे घराण्याची शोभा नको, एवढंच. नववा मजला. खालून वर नेणाऱ्या त्या पेटीत आरसा लावलाय, म्हणजे माणसाने वर जाईपर्यंत आपलंच थोबाड बघायचं.

मी सरळ मुद्द्यावर आले. म्हटलं, मुखपृष्ठावरचं वाक्य बदला आणि भाषणातून त्या दाढीवाल्याचं नाव काढायला सांगा. बाबांना कारण सांगू नका, जागा पुरत नाही म्हणा.

"का बरं, आजी?"

मी सांगितलं. सगळं. बत्तिसावं पान, एकोणपन्नासावं पान. मला वाटलं चकचकीत खुर्चीतून पडतील.

हे हसले. "अहो आजी, ते आम्हाला ठाऊक आहे! प्राध्यापकसाहेबांनी वर्षापूर्वीच सांगितलं. आम्ही जेवत होतो, हसून हसून घास बाहेर आला. पण वाक्य काय सुरेख आहे! मुखपृष्ठावर शोभून दिसतं."

"आणि प्राध्यापक त्या दिवशी काही बोलले तर?"

"छे! ते मंडळाचे पाहुणे. आणि मूळ पुस्तक वाचतो कोण? तुम्ही निर्धास्त राहा. आजोबांना काही कळायचं नाही. त्या वयात आनंद महत्त्वाचा, नाही का?" मग मला कॉफी विचारली. मी म्हटलं, माझ्या घशाखाली उतरायची नाही.

म्हणजे बघ. भरसभेत फजिती होणार नाही. ज्यांना माहीत आहे ते टाळ्या वाजवतील, ज्यांना माहीत नाही तेही वाजवतील, आणि नंतर जेवताना हे दोघे पुन्हा घास बाहेर काढतील. मी गप्प बसले की झालं, तुझे बाबा सुखाने मरेपर्यंत थोर राहतील.

घरी येईपर्यंत डोकं तापलं होतं. त्यांच्यावर हसायचं तर मी हसेन. त्रेपन्न वर्षं त्यासाठी राबले आहे. ह्या नवव्या मजल्यावरच्या टकल्याने काय केलंय?

शुक्रवार, २१ मार्च

सांगितलं.

सकाळी चहा ठेवला आणि म्हटलं, "अहो, तुमच्या पुस्तकाचा चौथा फर्मा आलाय."

हे म्हणाले, "कुठून?"

"ग्रंथालयातून. सगळेच आलेत. एकत्र शिवून."

वहिनीने पुस्तक पुढे केलं. आधी उघडलं नाही. पाठ चाचपली, दोरा नखाने ओढून पाहिला, म्हणाले, "शिलाई ढिली आहे." मग मी सांगितलं कुठलं पान ते. बत्तिसावं वाचलं. मग बोटाने मोजत एकोणपन्नासावर गेले. उभ्यानेच वाचलं, आणि पान उलटलं, आणि आणखी एक. चहावर साय धरली.

मग खाली वाकले आणि बूट काढले. दोन्ही. भिंतीला नीट जोडून ठेवले.

मी म्हटलं, "अहो, बोला काही."

"पुढचं माझ्या टेबलावर नव्हतं," एवढंच म्हणाले.

चकचकीत आणि प्राध्यापक जेवताना हसले ते मी सांगितलं नाही. म्हातारा माणूस, रागाने जिना उतरायला गेला आणि पडला तर उचलायचं कुणी? तुझा दादा बोटीवर, सहा महिने येत नाही. वहिनी माझ्याकडे बघते आहे. बघू नकोस, लिही.

मंगळवार, २५ मार्च

आपल्या घरातला विद्वान वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पहिल्यांदा एक पुस्तक पहिल्या पानापासून वाचतोय. जेवायला हाक मारली की येतात, दोन घास खातात, जातात. आरशासमोरचं भाषण बंद. घर एवढं शांत आहे की मला घड्याळाची टिकटिक ऐकू येते, सात मिनिटं उशिरा.

आज जेवताना अचानक म्हणाले, "त्याने माझी बाजू माझ्याहून चांगली मांडलीय."

"मग मोडलीय," मी म्हटलं.

"हो. पण मोडण्याआधी त्याला सगळी कारणं पाठ होती." आणि माझ्याकडे असे पाहत राहिले जणू मी उत्तर देणार. मी म्हटलं, भात गार होतोय.

नंतर ओट्याशी उभी असताना माझ्या ध्यानात आलं की ह्यांच्याच नियमाने बघायचं तर त्या दाढीवाल्याला भिंत पाडायचा हक्क होता. हे त्यांनाही कळलं असणार. कळू दे. मी काही सांगायला गेले नाही.

मी म्हटलं, "रविवारी जाऊ नका. तब्येतीचं कारण सांगू."

"तब्येत चांगली आहे," म्हणाले. हट्टी तो हट्टीच.

सोमवार, ३१ मार्च

काल नगरभवनात गेले. पहिल्या रांगेत खुर्ची राखून ठेवली होती, फुकट घालवायची कशाला म्हणून बसले. बाबांनी जुने बूट घातले होते.

चकचकीत अर्धा तास बोलले. प्राध्यापक पाऊण तास बोलले. तेवढ्यात माझा एक डोळा लागून उघडला. प्राध्यापक म्हणाले, हा कामगार विद्यापीठाला लाजवतो. मग मानपत्र वाचलं, चौकटीसकट हातात दिलं, आणि बाबा उठले. कागद नव्हता. हात छातीवर ठेवला नाही; दोन्ही हात त्या चौकटीला धरून होते.

म्हणाले, "ज्या वाक्यावर माझं पुस्तक उभं आहे ते त्या विचारवंताचं नाही. त्याने ते विरोधकांचं म्हणून लिहिलंय, आणि पुढे खोडलंय. मी बाइंडिंगमध्ये होतो. मला एकच फर्मा मिळाला. बाकीचं पुस्तक मी पंचेचाळीस वर्षांत कधी शोधलं नाही, कारण मला वाटलं, आहे तेवढं पुरे आहे."

मला वाटलं, आता लोक उठतील, शिट्ट्या मारतील. आणि काय झालं असेल? टाळ्या! माणसं उभी राहिली टाळ्या वाजवायला. माझ्या मागची बाई डोळे पुसत म्हणाली, "किती साधेपणा!"

बाबा म्हणाले, "मी साधा नाही. मी चुकलोय." आणखी टाळ्या.

"खोडलंय त्याला माझ्याकडे आज उत्तर नाही. शोधायला वेळ लागेल. तोवर माझं पुस्तक विकू नका."

चकचकीतांनी माइक ओढून घेतला. "मित्रहो, हीच ती विनम्रता, जी आजच्या पिढीत…"

मला राहवलं नाही. मी उठून ओरडले, "अहो, कान फुटले काय तुमचे? माणूस चुकलो म्हणतोय!" सगळं सभागृह प्रेमाने हसलं. "आजी!" असं कुणीतरी म्हणालं, बाळाला म्हणतात तसं. दोनशे माणसांत एक प्राध्यापक तेवढे हसले नाहीत, टाळीही वाजवली नाही. टेबलाखाली स्वतःचे पाय बघत होते. बाबा म्हणतात ते खरंच आहे, जमावात माणूस अर्धा होतो. फक्त त्यांनी हे लिहिलं तेव्हा असे अर्धे त्यांचं कौतुक करतील हे त्यांना ठाऊक नव्हतं.

बाबांनी मानपत्र खुर्चीवर ठेवलं आणि मधल्या वाटेने बाहेर चालू लागले. मी मागोमाग. वाटेत म्हणाले, "कुणी ऐकलंच नाही."

"मी ऐकलं."

"काय ऐकलंस?"

"तुम्ही चुकलात ते. त्रेपन्न वर्षं थांबले होते."

हे हसले नाहीत. पण कोपऱ्यावर रस्ता ओलांडताना माझा हात धरला. गाड्या फार असतात तिथे.

मंगळवार, ८ एप्रिल

दुसरी आवृत्ती निघालीच, मागच्याच आठवड्यात. बाबांनी पत्र टाकलं होतं, त्याला उत्तर आलं की छपाई झाली आहे आणि मुखपृष्ठ फार देखणं आलंय. सोबत दहा प्रती. मुखपृष्ठावर भिंतीचं वाक्य, दाढीवाल्याच्या नावासकट. खोटं बोलायलाही चार रंगांची शाई वापरलीय.

मला वाटलं हे आता अंथरूण धरतील. ह्यांनी कात्री घेतली. दहातली एक प्रत स्वयंपाकघरात आणली, माझ्या ओट्याशेजारच्या टेबलावर ठेवली, पुठ्ठा सोलला, पाठीचे दोरे एकेक कापले आणि स्वतःच्या पुस्तकाचे सगळे फर्मे सुटे करून ओळीने मांडले. म्हणाले, आता एकेक फर्मा घ्यायचा, आणि जे विचारून लिहिलेलं नाही ते खोडायचं.

मी म्हटलं, "हे उद्योग पुढच्या खोलीत करा, तिथे उजेड आहे."

"नाही," म्हणाले, "इथेच बसतो." दोन मिनिटांत डोळे चोळायला लागले. बरं झालं.

पहिला फर्मा एका दिवसात संपला. त्यात नुसती प्रस्तावना होती, ती सगळीच खोडली. गुरुवारी दुसरा काढला. पहिल्याच पानावर बोट ठेवलं आणि मला म्हणाले, "इथे मी लिहिलंय, 'घरातल्या स्त्रीला आपली जागा माहीत असते, आणि त्यातच तिचं समाधान असतं.' हे मी कुणाला विचारून लिहिलं?"

"मला तर नाही," मी म्हटलं.

"मग आता विचारतो." आणि पेन्सिल घेऊन, कोरा कागद पुढे ओढून, बसले. त्रेपन्न वर्षांत ह्यांनी मला मीठ कुठे आहे, चष्मा कुठे आहे, एवढंच विचारलं होतं.

मी शेगडी बंद केली, हात पुसले, खुर्ची ओढली. म्हटलं, "नीट बसा. वेळ लागेल."

मी काय सांगितलं ते वहिनीला इथे लिहू देत नाही. ते त्यांच्या कागदावर आहे. पहिलंच उत्तर पुरं व्हायच्या आत त्यांनी दोनदा चष्मा काढून पुसला, आणि एकदा म्हणाले, "जरा हळू सांग, मला नीट लिहायचंय." मी काही हळू सांगितलं नाही. पन्नास वर्षांचं तुंबलेलं हळू कसं येणार? मधे एकदा म्हणाले, "पण ह्या एका मुद्द्यावर मला अजूनही वाटतं की मीच बरोबर आहे." मी म्हटलं, लिहून ठेवा, उद्या बघते तुमच्याकडे. असं रोज चाललंय. सकाळी आठला बसतो ते दुपार कधी होते कळत नाही. काल भांडणात भाजी करपली, परवा तर शिजायला टाकायचीच राहिली. वहिनी शाळेतून येते आणि पाव चावत आमचं ऐकत बसते.

तेव्हा आता वही बंद करून उद्याच्या टपालात टाकते आहे, आणि हे शेवटचं वाक्य तरी विसरू नकोस. मला स्वयंपाकाला वेळ नाही. शिजवावं लागेल असं काही धाडू नकोस. भाजलेले दाणे पाठव, पण कुटून, बाबांच्या वरच्या दाढा गेल्यात. सुके अंजीर पाठव, मऊ बघून. खारी बिस्किटं वहिनीसाठी, तिने सगळं जसंच्या तसं लिहिलंय. आणि डबा मोठा घे, दुसरा फर्मा सोळा पानांचा आहे आणि आम्ही अजून तिसऱ्या पानावर आहोत.